ज्योतीरामची उजवी बाजू

१

शेखर सुरवसेला माणसं कुठं उभी करायची हे बरोबर कळतं, असं महाळुंग्याच्या त्याच्या कारखान्यात सगळे म्हणत, आणि सगळ्यांच्या आधी तो स्वतः म्हणे. मोटारींच्या सीटचे सांगाडे जिथं जुळतात त्या लाइनवर तो सुपरवायझर होता. सकाळी चार माणसं आली नाहीत की बाकीचे सुपरवायझर फोन फिरवत बसत. शेखर लाइनवरून एक चक्कर मारी, वेल्डिंगचा एक माणूस पुढं घेई, पॅकिंगचा एक मागं सरकवी, आणि संध्याकाळी माल ठरल्याइतका बाहेर पडे. "माणूस वाईट नसतो भावा, जागा चुकलेली असते," हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. ते ऐकवायची संधी तो सहसा सोडत नसे.

गुरुवार म्हणजे कारखान्यांच्या या सगळ्या पट्ट्याचा सुट्टीचा दिवस. दापोडीतली त्याची गल्ली त्या दिवशी दुपारी अगदी गप्प होई. खालच्या लेथच्या वर्कशॉपचं शटर बंद, समोरची पत्र्याची शेड बंद. मधूनच रेल्वे गेली की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडे, तेवढीच काय ती हालचाल. जेवण झालं की शेखर आतल्या खोलीत लॅपटॉप उघडायचा आणि फुटबॉलच्या संघाचा मॅनेजर व्हायचा.

या गेममध्ये बॉलला लाथ मारायची नसते. कोण खेळणार, कोण कुठं उभा राहणार, पुढं रेटायचं की मागं दबून बसायचं, एवढं ठरवायचं आणि मग बारीक बारीक माणसं हिरव्या मैदानावर पळताना बघायची. "सुट्टीच्या दिवशीही ड्युटीच करता की हो," असं प्राजक्ता, त्याची बायको, म्हणायची. ते खरंच होतं. त्यानं मुद्दाम तळाचा संघ घेतला होता, कारण वरचा संघ घेऊन काय, कुणीही जिंकेल.

गेम सुरू करताना एक गंमत झाली होती. नावासाठी दोन चौकटी होत्या, फर्स्ट नेम आणि सेकंड नेम. आपल्याकडं पहिलीत नाव घातल्यापासून दुसरं नाव म्हणजे बापाचं नाव. त्यात विचार तो काय करायचा? त्यानं पहिल्या चौकटीत शेखर लिहिलं, दुसऱ्या चौकटीत ज्योतीराम, आणि आडनावाची तिसरी चौकट आता येईल म्हणून वाट बघितली. ती आलीच नाही. गेमनं दुसऱ्या नावालाच आडनाव समजून घेतलं, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे सगळे त्याला आडनावानंच हाक मारू लागले. बातम्या यायच्या त्या अशा: ज्योतीरामनं संघाची सूत्रं हाती घेतली, ज्योतीरामवर बोर्डाचा विश्वास.

त्याला हसू आवरेना. तो लॅपटॉप तसाच उचलून बाहेरच्या खोलीत घेऊन गेला. तिथं खिडकीपाशी खुर्ची टाकून त्याचे वडील बसले होते, खुद्द ज्योतीराम सुरवसे. धाराशिवकडून तरुणपणी आलेला, पिंपरीच्या एका कंपनीत उभी हयात टर्नर म्हणून काढलेला, निवृत्तीनंतरही रोज पुलापर्यंत चालून येणारा धडधाकट म्हातारा.

"अण्णा, बघा. तुम्ही मॅनेजर झालात."

अण्णांनी चष्मा वर केला. "मी? कंपनीत तर कुणी केलं न्हाई मला मॅनेजर. आता इथं कुणाला सुचलं?"

"चुकून झालं. बदलू का?"

"ऱ्हाऊ दे की. बरं दिसायलंय."

मग ते नाव तसंच राहिलं.

२

ज्या गुरुवारी हे सगळं सुरू झालं त्या दिवशी शेखर भलताच खुशीत होता. त्याला एक नवी चाल सुचली होती. उजव्या बाजूचा बचाव करणारा गडी, म्हणजे राइट बॅक, त्यानं सरळ पुढं पाठवायचं ठरवलं. लाइनवर नाही का, एक माणूस दोन जागा सांभाळतो? पळेल पुढं, येईल मागं. गेमचा सहायक मॅनेजर सुचवत होता की उजवीकडं मोकळी जागा पडेल. शेखरनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. सहायकांचं ऐकून कुणी मोठं होत नाही, असं त्याचं मत होतं.

मोकळी जागा पडली. समोरच्या संघानं तिथूनच गोल घातला, मग तिथूनच दुसरा. मैदानाच्या खाली इंग्रजीत धावतं वर्णन येत होतं, त्यात एक ओळ आली: ज्योतीरामची उजवी बाजू पूर्ण कोसळली आहे.

त्याच क्षणी बाहेर स्टीलचा पेला फरशीवर पडला. पडून तो गोल गोल घरंगळत राहिला, बराच वेळ. एरवी अण्णांनी तो लगेच उचलला असता.

"अहो!" प्राजक्ता ओरडली. "लवकर या बाहेर. अण्णांना बघा काय होतंय."

अण्णा खुर्चीतच होते, शुद्धीवर होते. उजवा हात मांडीवर पडला होता आणि ते त्याच्याकडं, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसे बघत होते. तोंडाचा उजवा कोपरा खाली आला होता.

वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूत बारीक गुठळी, या वयात होतं असं, व्यायाम करून घ्या, सुधारतील. शेखरला ते पटलं. कारण समजलं, उपाय समजला, आता कामाला लागायचं. धावत्या वर्णनातली ती ओळ त्याला रिक्षात आठवली, आणि त्यानं ती झटकून टाकली. फुटबॉलमध्ये बाजू कोसळतच असतात.

३

पुढच्या गुरुवारी त्यानं उजवी बाजू बांधून काढली. राइट बॅकला जागेवर खिळवलं, त्याच्या पुढं आणखी एक दणकट गडी दिला. चाल म्हणून हे योग्यच होतं, असं त्यानं स्वतःला बजावलं. सामना बरोबरीत सुटला. उजवीकडून मुंगीसुद्धा आत आली नाही.

बाहेर प्राजक्ताचा हसण्याचा आवाज आला. अण्णांनी उजव्या हातानं कपबशी धरली होती. चहा थोडा बशीत सांडला, पण धरली होती.

आता कुणीही म्हणेल, योगायोग. शेखरही तेच म्हणाला. पण तो क्वालिटीच्या बैठकांत बसलेला माणूस होता. दोन गोष्टी एकदम घडल्या तर ट्रायल घ्यायची, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. शंका ठेवून झोपण्यापेक्षा एकदा बघून टाकावं. त्यानं एक सराव सामना लावला, ज्याला काही मोल नसतं असा. आणि डावी बाजू किंचित मोकळी सोडली. किंचितच.

बाहेरच्या खोलीचं दार त्यानं उघडं ठेवलं होतं. अण्णा भिंतीला धरून बाथरूमकडं निघाले होते. सरक, टेक, सरक, टेक, असा त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. पडद्यावर समोरचा गडी डावीकडून सुसाट निघाला. आवाज बदलला. सरक, आणि मग नुसतं फरशीवर अनवाणी पावलाचं पट्. डाव्या पायातली चप्पल मागं पडली होती आणि अण्णा तसेच पुढं चालले होते. त्यांना कळलंच नव्हतं.

शेखरनं डावी बाजू इतक्या घाईनं बंद केली की माऊस हातातून निसटला. मग तो बाहेर गेला, चप्पल उचलली, अण्णांसमोर बसून त्यांच्या पायात घातली. आपण बापावर ट्रायल घेतली, याची त्याला मनापासून शरम वाटली.

"काय झालं रे?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही अण्णा. मी आहे ना."

आणि हेही खरंच होतं, की त्या शरमेच्या खाली त्याला थोडा धीर आला होता. हे काय आहे ते त्याला कळत नव्हतं, पण हे जर माणसं उभी करण्याचंच काम असेल, तर त्यात त्याचा हात धरणारं दापोडीत कुणी नव्हतं.

४

त्यानं कंबर कसली. तो आता फक्त जिंकण्यासाठी खेळत नव्हता, अण्णांना उभं करण्यासाठी खेळत होता. दोन्ही बाजू बंद, मधली फळी घट्ट, पुढं एकटाच गडी. गुरुवारमागून गुरुवार गेले. अण्णांचा हात सुधारला, बोलणं स्वच्छ झालं. डॉक्टर खूश झाले. प्राजक्तानं पेढे आणले.

एकच गोष्ट बिनसत होती. असं दबून खेळून संघ हरत नव्हता, पण जिंकतही नव्हता. आणि तळाच्या संघाला नुसत्या बरोबरीवर तरता येत नाही. बोर्डाची बातमी आली: ज्योतीरामची जागा धोक्यात. पुढच्या आठवड्यात दुसरी आली: ज्योतीरामच्या जागी येणारा माणूस ठरला आहे, नाव गुप्त आहे, तो वाट बघत आहे.

शेखरनं ती वाचली आणि पाणी प्यायला बाहेर आला. अण्णा खिडकीतून खाली बघत होते.

"शेखर, माझा रिलीव्हर आलाय बघ."

शिफ्टमध्ये काम केलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन आपल्या शेजारी उभा राहीपर्यंत मशीन सोडायचं नसतं. तो आला, की मात्र एक मिनिटही जास्त थांबायचं नसतं. तो येणारा माणूस म्हणजे रिलीव्हर.

"कुठं अण्णा?"

"ते काय, शटरपाशी उभाय. गुरुवारचा कशाला आला म्हणावं."

शेखरनं वाकून बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं. वर्कशॉपच्या बंद शटरला टेकून डब्याची एक पिशवी ठेवलेली होती, निळ्या रंगाची, आणि तिच्या शेजारी ऊन पडलं होतं. कुणीतरी विसरलं असेल. पण थोड्या वेळानं त्यानं पुन्हा बघितलं तेव्हा पिशवी शटरपाशी नव्हती. ती त्यांच्याच इमारतीच्या जिन्याच्या तोंडाशी होती.

त्यानं लॅपटॉप बंद करून कपाटात वर ठेवून दिला. संपला विषय. खेळायचंच नाही तर हरायचं कसं?

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. सकाळी बोलले नाहीत. त्यांना कुठं दुखत नव्हतं, ताप नव्हता. खुर्चीत बसवलं की बसत, निजवलं की निजत, आणि डोळे उघडेच असत. प्राजक्तानं भरवलेला घास तोंडात तसाच राही. डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि खाली उतरताना पायरीवर थांबून उगाचच मागं वळून बघितलं.

"मला भीती वाटायला लागलीय हो," प्राजक्ता म्हणाली. "हे आजारी माणसासारखं नाही वाटत. कुणीतरी त्यांना मध्येच थांबवून ठेवल्यासारखं वाटतंय."

शेखरनं कपाटातून लॅपटॉप काढला आणि उघडला. पडद्यावर हिरवं मैदान आलं, आणि बाहेरून अण्णांचा आवाज आला, अगदी साधा: "पाणी दे गं प्राजक्ता, घसा कोरडा पडलाय."

५

गेममधून बाहेर पडायचा एक रस्ता होता. मॅनेजरच्या पानावर सगळ्यात खाली तो पर्याय होता. इंग्रजीत विचारलं होतं: ज्योतीरामला निवृत्त करायचं का? शेखरनं त्यावर बाणसुद्धा नेला नाही.

शेवटचा सामना गुरुवारी दुपारीच आला. बोर्डानं कळवलं होतं, हा हरला तर ज्योतीरामचा शेवट. शेखरनं आपलं सगळं कसब पणाला लावलं. पाच जण मागं, चार त्यांच्या पुढं, चेंडू मिळाला की लांब फेकायचा, वेळ काढायचा. सुंदर बांधणी होती ती. त्याला स्वतःलाच तिचा अभिमान वाटला. पहिला भाग गेला, दुसरा सरत आला, आणि समोरच्यांना गोलकडं बघताही आलं नाही.

"शेखर," बाहेरून अण्णांनी हाक मारली, "त्यो जिना चढायलाय."

"येऊ दे अण्णा. दार लावलंय मी."

"आरं, असं करू नये. माणूस दारात येऊन थांबला तर आपुन मशीन सोडावं. त्याची पण शिफ्ट असती."

जिन्यात पावलं वाजत होती. घाई नव्हती. एक मजला चढून ती थांबली. शेखरनं पडद्यावरची नजर काढली नाही. जादा वेळ सुरू झाला होता. आणि त्याच्याच एका गड्यानं, काही कारण नसताना, आपल्याच गोलपुढच्या चौकटीत समोरच्याला पाडलं. पेनल्टी. गोल.

शिट्टी झाली. बाहेर अण्णांचा श्वास एकदम मोठा ऐकू येऊ लागला, करवतीसारखा. प्राजक्ता "अण्णा, अण्णा" म्हणून हाका मारत होती. पडद्यावर एक चौकट उघडली: बोर्ड ज्योतीरामशी बोलू इच्छितं. पुढे जा.

शेखर थांबला. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं चाल सोडून माणसाकडं बघितलं. खेळणारा कोण होता? तोच. हरणारा कोण होता? तोच. अण्णा नुसते चुकीच्या चौकटीत उभे केले गेले होते, आणि तेही त्याच्याच हातानं. जागा चुकली होती.

त्यानं मॅनेजरचं पान उघडलं. नावापुढं दुरुस्तीची खूण होती, इतके दिवस होती. त्यानं ज्योतीराम पुसलं. त्या जागी सुरवसे लिहिलं. शेखर सुरवसे. गेमनं विचारलं, हा बदल पुन्हा फिरवता येणार नाही, नक्की?

बाहेर श्वास अडकत होता. शेखरला क्षणभरसुद्धा विचार करावा लागला नाही. तो तरुण होता, निरोगी होता, आणि बाप त्याचा होता. "या म्हणावं," तो मोठ्यानं म्हणाला, "माझ्याशी बोला." आणि त्यानं बटण दाबलं.

६

अण्णांचा श्वास खाली बसला. इतका सहज, की शेखरला आधी कळलंच नाही. मग प्राजक्ताचं रडं ऐकू आलं, हसण्यात मिसळलेलं, आणि अण्णा म्हणाले, "काय गं, कशाला रडायलीस? भूक लागलीय मला."

शेखर खुर्चीत मागं टेकला. जिंकलो, असं त्याच्या मनात आलं. पडद्यावर बातमी होती: सुरवसेला पदावरून दूर करण्यात आलं. नवा माणूस आजच रुजू होत आहे. वाचून त्याला हसू आलं. करा म्हणावं दूर. कालपर्यंत कुठं होतं हे पद!

बाहेर कडी निघाल्याचा आवाज आला. दाराची कडी आतून असते, ती बाहेरून निघत नाही. कुणीतरी चपला काढल्या, एक, मग दुसरी. पिशवी खिळ्याला अडकवली.

"आलात होय?" प्राजक्ताचा आवाज आला, रोजचा, घरातला. "अहो, अण्णांना बघा, बोलायला लागले. हात धुऊन घ्या, चहा टाकते."

शेखर उठला. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून त्याला अण्णांची खुर्ची दिसली आणि अण्णांचा उजवा हात दिसला, भक्कम, पूर्वीसारखा. तो हात कुणाच्या तरी मनगटावर ठेवलेला होता. मनगटापर्यंत राखाडी बाही होती, त्याच्याच कंपनीची, आणि तिच्या कडेवर वेल्डिंगच्या ठिणगीचं एक छिद्र होतं. त्याच्या शर्टला जिथं होतं, तिथंच.

"आलास का रे, शेखर?" अण्णा म्हणाले. किती महिन्यांनी त्यांच्या आवाजात तो जुना जोर आला होता.

"आलो," असं म्हणायला शेखरनं तोंड उघडलं.

"आलो, अण्णा," बाहेरचा म्हणाला.

शेखर हाका मारू लागला. अण्णांना हाक मारली, प्राजक्ताला मारली, होता नव्हता तेवढा जीव काढून मारली. अण्णा हसत त्या मनगटावर थोपटत होते. प्राजक्ता स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि चहाची गाळणी हातात तशीच धरून जरा थबकली.

"आत कुणी बोलतंय का हो?"

"कुणी नाही गं," बाहेरचा म्हणाला, आणि पावलं या खोलीकडं वळली. "लॅपटॉप चालू राहिलाय वाटतं. बंद करून येतो."